कात्री ‘पण’वरच का पडते?

या वेळच्या टपालात दूरचित्रवाणीच्या बातम्यांविषयीची पत्रे इतकी होती की, बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलावे लागले. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेवरून गाळली आहेत. पत्रे जागेअभावी आखूडही केली आहेत. मात्र ज्या गोष्टीबद्दल ही सगळी तक्रार आहे तीच उद्या आमच्यावर येऊ नये, म्हणून आखूड केलेला मजकूर प्रत्येकाला दूरध्वनीवरून वाचून दाखवला आणि मगच छापायला घेतला.

प्रश्न : सिंहगड रस्त्यावर राहणारा मी एक निवृत्त अभियंता आहे. नदीकाठ सुधार प्रकल्पाबद्दल एका वाहिनीच्या प्रतिनिधीने सोसायटीच्या फाटकाशी मला गाठले. मी म्हणालो, “नदी स्वच्छ व्हायला हवी, काठ सुंदर व्हायला हवेत, याला आमच्यापैकी कोणाचाच विरोध नाही, पण पूररेषेच्या आत भराव टाकून हे होणार असेल, तर आम्हाला ते मान्य नाही.” रात्रीच्या बातमीत माझे बोलणे ‘कोणाचाच विरोध नाही’ येथे संपले आणि खाली पट्टी झळकली, ‘रहिवाशांचा प्रकल्पाला पाठिंबा’. २०२४ च्या जुलैत ज्यांच्या घरात पाणी शिरले होते, ते शेजारी आता माझ्याकडे विकला गेलेला माणूस म्हणून पाहतात. हा राजकीय पक्षपात म्हणायचा की निष्काळजीपणा? ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणतात ते हेच का?

उत्तर : तुमचे वाक्य कापले गेले त्या टेबलावर मी बरीच वर्षे काढली आहेत, त्यामुळे कात्री नेमकी तिथेच का पडली असावी, हे मी बऱ्यापैकी सांगू शकतो. बातमीदार तुमची चाळीस सेकंदांची बाइट, म्हणजे टिपलेले बोलणे, पाठवतो. डेस्कवरचा माणूस दीड मिनिटाचे पॅकेज, म्हणजे दाखवायची तयार बातमी, बांधत असतो आणि त्यात तुमच्या वाट्याला आठ-दहा सेकंद येतात. संकलकाच्या पडद्यावर तुमचा आवाज एका खालीवर होणाऱ्या रेषेसारखा दिसतो. बोलणारा जिथे श्वास घेतो तिथे ती रेषा सपाट होते आणि सपाट जागी कापले, तर कानाला खटकत नाही. आता तुमचेच वाक्य मोठ्याने म्हणून पाहा. ‘विरोध नाही’ म्हटल्यावर आणि ‘पण’ म्हणण्याआधी तुम्ही श्वास घेता. आपण सगळेच घेतो. म्हणजे मराठी बोलणाऱ्या माणसाची खरी भूमिका ज्या शब्दापासून सुरू होते, त्याच्या ऐन तोंडाशी कापण्याची सर्वांत सोयीची जागा असते.

मराठीची आणखी एक अडचण आहे, जी इंग्रजीत एवढी जाणवत नाही. आपले क्रियापद शेवटी येते आणि नकार त्याच्याही मागून येतो. ‘पूल पाडावा, झाडे तोडावीत आणि रस्ता रुंद करावा, असे मी कधीही म्हणणार नाही’ या वाक्यातले शेवटचे पाच शब्द गेले की, माणूस नेमका उलट बोललेला दिसतो; आणि एकही शब्द बदललेला नसल्यामुळे वाहिनी निर्धास्तपणे म्हणू शकते की, हे तुमचेच शब्द आहेत.

तेव्हा कात्रीचे काम निष्काळजीपणाचे असू शकेल, हे मी मान्य करतो. पट्टीचे तसे नाही. पट्टी बहुतेक वेळा वेगळाच माणूस लिहितो आणि त्याने तुमची पूर्ण बाइट ऐकलेलीही नसते. पण ‘एक रहिवासी’ आणि ‘रहिवाशांचा पाठिंबा’ यांत अंतर आहे, हे कळायला पूर्ण बाइट ऐकावी लागत नाही. पक्षपात होता का, हे ठरवायचे असेल तर त्या दीड मिनिटात विरोध करणाऱ्या एका तरी माणसाला जागा होती का, हे पाहा. नसेल, तर फाटकापाशी बातमीदार पाठवण्यापूर्वीच बातमी लिहून झाली होती आणि तुमच्याकडून फक्त एक चेहरा हवा होता, असे मानायला जागा आहे.

असे कापणे अर्थाला कुठवर नेऊ शकते, याचा एक नमुना अमेरिकेतला आहे. २०१२ मध्ये फ्लॉरिडात ट्रेव्हॉन मार्टिन हा सतरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा गोळी लागून मारला गेला. गोळी झाडणाऱ्या जॉर्ज झिमरमनने त्याआधी पोलिसांना दूरध्वनी केला होता आणि एनबीसी वाहिनीने तो असा ऐकवला की, हा माणूस काही ठीक दिसत नाही, कृष्णवर्णीय दिसतो, असे तो एका दमात म्हणाल्याचे वाटावे. मूळ ध्वनिमुद्रणात या दोन वाक्यांच्या मध्ये बरेच काही होते आणि तो माणूस गोरा, काळा की हिस्पॅनिक, हा प्रश्न पोलिसांकडच्या माणसाने विचारला होता. झिमरमनने स्वतःहून वर्ण काढला नव्हता. तो विचारलेल्याला उत्तर देत होता. एनबीसीला माफी मागावी लागली आणि काही जणांच्या नोकऱ्या गेल्या. झिमरमनने केले ते योग्य की अयोग्य, हा प्रश्न यामुळे सुटत नाही. परंतु प्रश्न गाळून उत्तर ठेवले की त्या उत्तराचे विधान होते, हे मात्र तिथे स्पष्ट दिसते.

‘नरो वा कुंजरो वा’ची उपमा मला पुरती पटत नाही. धर्मराजाने वाक्य निदान पूर्ण उच्चारले होते, तेही आपण कोणाला फसवतो आहोत हे जाणून. तुम्ही तर प्रामाणिकपणे बोललात आणि शंख दुसऱ्याच कोणी फुंकला.

पुढच्या वेळी कोणी बूम (वाहिनीचा माइक) समोर धरला तर हरकत आधी सांगा आणि कौतुक नंतर : “पूररेषेत भराव आम्हाला मान्य नाही. नदी स्वच्छ करा, त्याला आमची साथ आहे.” वाक्ये तुटक ठेवा, ‘पण’ टाळा आणि शेजाऱ्याला सांगून तेच बोलणे आपल्या मोबाइलवर टिपून घ्या. दाद कुठे मागायची, ते शेवटच्या उत्तरात आले आहे. ते आजच वाचा, कारण त्याला मुदत आहे.

प्रश्न : लहानपणापासून आमच्या घरी बीबीसी म्हणजे प्रमाण मानले जाई. ट्रम्प यांच्या भाषणाच्या प्रकरणानंतर विश्वास तरी कोणावर ठेवायचा? आणि कमला हॅरिस यांच्या मुलाखतीबद्दलही असाच वाद झाला होता. दोन्हीकडे संकलनच होते, मग एकाला दोष द्यायचा आणि दुसऱ्याला सोडायचे, हे कसे? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवली, हे बरे केलेत.

६ जानेवारी २०२१ रोजी ट्रम्प यांनी वॉशिंग्टनमध्ये केलेले भाषण तासाभराहून लांब होते. त्यात एका ठिकाणी ते म्हणाले की, आपण कॅपिटॉलकडे, म्हणजे अमेरिकेच्या संसदभवनाकडे, चालत जाऊ आणि मी तुमच्याबरोबर असेन. त्याला जोडून ते आपल्या बाजूच्या लोकप्रतिनिधींना पाठिंबा देण्याविषयी बोलले. जिवाच्या आकांताने लढण्याची भाषा भाषणात आली ती यानंतर पन्नासहून अधिक मिनिटांनी. ऑक्टोबर २०२४ मध्ये, अमेरिकेतील निवडणूक तोंडावर असताना, बीबीसीच्या पॅनोरमा या कार्यक्रमात ही दोन वाक्ये एकापाठोपाठ अशी जोडली गेली की, ऐकणाऱ्याला ती सलग वाटावीत. शांततेने आवाज उठवण्याविषयीचे वाक्यही भाषणात होते, ते त्यात नव्हते. वर्षभराने, नोव्हेंबर २०२५ मध्ये, बीबीसीच्याच एका माजी सल्लागाराचे टिपण वृत्तपत्रात फुटले, महासंचालक टिम डेव्ही आणि वृत्तविभागाच्या प्रमुख डेबोरा टर्नेस यांनी राजीनामे दिले आणि बीबीसीच्या अध्यक्षांनी ही निर्णयातील चूक असल्याचे सांगून माफी मागितली. भरपाई देण्यास मात्र बीबीसीने नकार दिला आणि डिसेंबरमध्ये ट्रम्प यांनी फ्लॉरिडात दावा लावला.

आता दुसरे. ऑक्टोबर २०२४ मध्येच सीबीएस या अमेरिकी वाहिनीच्या मुलाखतीत इस्राएलविषयीच्या एका प्रश्नाला ट्रम्प यांच्याविरुद्धच्या उमेदवार कमला हॅरिस यांनी लांबलचक उत्तर दिले. त्याचा एक तुकडा वाहिनीने जाहिरातीदाखल आदल्या कार्यक्रमात दाखवला आणि मुख्य कार्यक्रमात त्याच उत्तराचा दुसरा, अधिक नेटका तुकडा आला. उमेदवाराची गोंधळलेली बाजू लपवली, असा ट्रम्प यांच्या बाजूचा आरोप होता. वाहिनीचे म्हणणे असे की, वेळेसाठी उत्तर आखूड केले, बदलले नाही. जुलै २०२५ मध्ये सीबीएसच्या मालक कंपनीने, पॅरामाउंटने, माफी न मागता १ कोटी ६० लाख डॉलर देऊन ट्रम्प यांनी यावरून लावलेला दावा मिटवला. त्या वेळी कंपनीच्या विलीनीकरणाला सरकारी मंजुरी मिळायची होती, हेही ध्यानात असू द्यावे.

माझे मत असे. सीबीएसने जे केले ते एका प्रश्नाच्या एकाच उत्तरातून निवडणे होते. ते उमेदवाराच्या सोयीचे झाले असेल, आणि पूर्ण उत्तर त्यांनी पहिल्याच दिवशी उपलब्ध करून दिले असते तर वाद एवढा चिघळलाही नसता. बीबीसीने केली ती जोडणी होती. भाषणाचे तुकडे करणे हा गुन्हा नव्हे, तासाभराच्या भाषणाचे दुसरे काही करताही येत नाही. परंतु दोन तुकड्यांमध्ये पांढरा झोत, निवेदकाचे एखादे वाक्य किंवा निदान ‘पुढे ते म्हणाले’ असे काहीतरी लागते. शिंपी ठिगळ लावतो ते दिसते, म्हणून त्याला कोणी फसवणूक म्हणत नाही. इथे शिवण लपवली, तिथेच फसवणूक घडली. आणि पैशावरून दोषाचे माप काढू नका : जिथे चूक धडधडीत होती तिथे भरपाई नाकारली गेली आणि जिथे वादाला जागा होती तिथे पैसे मोजले गेले.

बीबीसीवर विश्वास ठेवायचा का? मी ठेवतो, पूर्वीपेक्षा थोडा कमी. जिथे अशा कारणासाठी महासंचालकाला घरी जावे लागते, त्या संस्थेत निदान काही शिल्लक आहे. माझ्या जुन्या धंद्यात पट्टी चुकली म्हणून कोणाचा चहासुद्धा थांबलेला मी पाहिलेला नाही.

प्रश्न : दरवर्षी खडकवासल्यातून पाणी सोडले की, भिडे पूल पाण्याखाली गेल्याची तीच दृश्ये दाखवतात. यंदा मी पुलाजवळून जात होतो, पूल कोरडा होता आणि मोबाइलवर तो बुडालेला दिसत होता! ही दिशाभूल नव्हे काय? (एक वाचक, नारायण पेठ)

उत्तर : आहे. जुनी दृश्ये वापरायला मनाई नाही, मात्र पडद्यावर ‘संग्रहित’ असे सुवाच्य दिसले पाहिजे आणि ते दृश्य असेपर्यंत दिसले पाहिजे; कोपऱ्यात अर्धा सेकंद चमकून जाणारा शब्द नसल्यासारखाच.

पूल बुडाला की नाही, हे तुम्ही चालत जाऊन पाहू शकता, म्हणून ही चूक लहान वाटते. हेच माणसाच्या शब्दांबाबत झाले तर काय होते, ते २०२२ मध्ये दिसले. वायनाडमधील आपल्या कार्यालयाची मोडतोड करणाऱ्या विद्यार्थी कार्यकर्त्यांविषयी, ती मुले आहेत, त्यांच्यावर राग नाही, अशा आशयाचे राहुल गांधी बोलले होते. एका राष्ट्रीय हिंदी वाहिनीने ते बोलणे उदयपूरमधील शिंप्याच्या हत्येतील आरोपींविषयीचे म्हणून दाखवले. वाहिनीने नंतर माफी मागितली, पण तोपर्यंत ती चित्रफीत देशभर फिरून आली होती. दृश्य खरे, आवाज खरा, शब्दही त्यांचेच. खोटी होती ती फक्त घटना.

प्रश्न : आमच्या घरात सासरे एक वाहिनी लावतात आणि मुलगा दुसरी. दोघांचेही म्हणणे एकच : समोरची वाहिनी विकली गेलेली आहे. जेवताना रिमोट मी लपवून ठेवते. निष्पक्ष बातमी ओळखण्याची काही कसोटी आहे का? सासरे म्हणतात, पूर्वीच्या दूरदर्शनसारखे आता काही राहिले नाही. (एक गृहिणी, सहकारनगर)

उत्तर : दोघांनाही एक गोष्ट सांगा. १९८२ मध्ये बैरूतच्या निर्वासित छावण्यांत हत्याकांड झाले, तेव्हा अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी त्या घटनेच्या दूरचित्रवाणीवरील बातम्या इस्राएलच्या बाजूच्या आणि अरबांच्या बाजूच्या विद्यार्थ्यांना दाखवल्या. बातम्या त्याच, पण दोन्ही गटांना त्या आपल्याविरुद्ध झुकलेल्या वाटल्या. हा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा ‘मला पक्षपात दिसला’ एवढ्यावर पक्षपात सिद्ध होत नाही. तसेच, ‘मला दिसला नाही’ म्हणजे तो नव्हता, असेही नाही. आवडत्या वाहिनीचा पक्षपात डोळ्यांना साखरेसारखा विरघळलेला असतो.

दूरदर्शनबद्दल सासऱ्यांना दुखवायचे नाही. भाषा स्वच्छ होती, ओरडाआरडा नव्हता, हे खरे. परंतु १९९७ मध्ये प्रसार भारती अस्तित्वात येईपर्यंत ते सरळसरळ सरकारी खाते होते आणि आणीबाणीत त्यावर काय यायचे, हे सासऱ्यांना माझ्यापेक्षा चांगले आठवत असेल. आवाज खालचा होता म्हणून झुकाव नव्हता, असे नाही.

कसोटी म्हणाल तर शब्दांपेक्षा मोजमापावर भर द्यावा. महापालिकेतली एखादी घडामोड घ्या आणि सासरे व नातू यांना एकमेकांच्या नव्हे तर आपापल्या वाहिनीसमोर कागद-पेन्सिल घेऊन बसवा. कोणत्या बाजूच्या किती माणसांच्या बाइट घेतल्या, प्रत्येकाला किती सेकंद मिळाले, शेवटचा शब्द कोणाला दिला आणि पट्टीत प्रश्नचिन्ह होते का, एवढेच टिपायचे. प्रश्नचिन्हाकडे खास लक्ष ठेवा. ‘कोट्यवधींचा घोटाळा?’ असे लिहिले की आरोपही होतो आणि जबाबदारीही टळते.

आणखी एक गोष्ट आकड्यांत सापडत नाही, ती म्हणजे मध्येच घातलेले दुसरेच दृश्य. १९२० च्या सुमारास रशियातील चित्रपट दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्ह यांनी एका नटाचा एकच भावहीन चेहरा कधी सूपच्या वाडग्याशेजारी, कधी शवपेटीशेजारी लावला आणि पाहणाऱ्यांना तो चेहरा कधी भुकेला, कधी शोकाकुल वाटला. विधी महाविद्यालय रस्त्यावरच्या चित्रपट संस्थेत, जिथे पूर्वी प्रभातचा स्टुडिओ होता, हा प्रयोग विद्यार्थ्यांना कला म्हणून शिकवतात. बातमीच्या टेबलावर आम्ही तो न शिकता वापरत असू. एक कबुली देतो. एका नेत्याचे भाषण कापताना मला जोड लपवायला एक दृश्य हवे होते आणि हाताशी होता एक फेटेवाला आजोबा, मोठी जांभई देणारा. ती जांभई नेते येण्याआधी तासभर, उन्हात ताटकळताना टिपलेली होती. मी ती भाषणाच्या मध्यात घातली. जोड लपला, आणि भाषण कंटाळवाणे होते हे महाराष्ट्राने पाहिले. मला तो नेता आवडत नसे, हे कारण त्या वेळी मी स्वतःलाही सांगितले नव्हते.

प्रश्न : वाहिनीविरुद्ध तक्रार करायची तर प्रेस कौन्सिलकडे करायची का? आणि काही होते का? (कायद्याचा एक विद्यार्थी, शिवाजीनगर)

उत्तर : प्रेस कौन्सिलकडे नाही, तिचे क्षेत्र छापील नियतकालिकांपुरते आहे. वाहिन्यांना १९९५ चा केबल टेलिव्हिजन नेटवर्क कायदा आणि त्याखालील कार्यक्रम संहिता लागू होते. संहितेच्या सहाव्या नियमात बदनामीकारक, हेतुपुरस्सर खोट्या आणि अर्धसत्य मजकुराला मनाई आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर तक्रारीच्या तीन पायऱ्या आहेत : आधी वाहिनी, मग वाहिन्यांनीच नेमलेली स्वनियमन संस्था आणि शेवटी केंद्र सरकार. वाहिनीने चोवीस तासांत पोच द्यावी आणि पंधरा दिवसांत निर्णय कळवावा, असे नियम सांगतात. अनेक मोठ्या वृत्तवाहिन्यांची स्वनियमन संस्था म्हणजे एनबीडीएसए. तिच्या नियमांनुसार पहिली तक्रार प्रक्षेपणापासून सात दिवसांच्या आत वाहिनीकडे करावी लागते आणि इथेच बहुतेक तक्रारी मरतात.

काही होते का? थोडे होते. ही संस्था चित्रफीत काढून टाकायला, माफी दाखवायला सांगू शकते आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. हा दंड कोणाला वठणीवर आणण्यास पुरेसा नाही, अशी टिप्पणी सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये केली होती. त्याआधी, जानेवारी २०२१ मध्ये, सुशांतसिंह राजपूत प्रकरणातील माध्यम-खटल्यांविषयीच्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने या स्वनियमनाला कायद्याचे पाठबळ नसल्याकडे बोट दाखवले होते. शिवाय प्रत्येक वाहिनी या संस्थेची सभासद नाही. सरकारच्या हाती सगळे द्यावे, असेही मला वाटत नाही. सत्तेतल्या पक्षाला न आवडणारी वाहिनी तेवढीच ‘पक्षपाती’ ठरेल, मग तो पक्ष कोणताही असो.

तक्रारीत ‘पक्षपाती’, ‘विकाऊ’ हे शब्द न वापरलेलेच बरे. तारीख, वेळ, पट्टीवरील अक्षरे जशीच्या तशी आणि मूळ वाक्यातला कोणता भाग गेला, एवढे लिहावे. आपल्याकडचे ध्वनिमुद्रण जोडावे. प्रक्षेपणाची नोंद नव्वद दिवस जपून ठेवणे वाहिन्यांना बंधनकारक आहे, तेव्हा ‘आमच्याकडे ते नाही’ हे उत्तर त्या मुदतीत मान्य करू नये.

सिंहगड रस्त्यावरील वाचकांचे पत्र आमच्याकडे प्रक्षेपणानंतर चौथ्या दिवशी आले. अंक छापून होईपर्यंत मुदत टळली असती, म्हणून त्यांना एवढा भाग त्याच संध्याकाळी दूरध्वनीवरून कळवला. शेजारच्या मुलाने गंमत म्हणून मोबाइलवर टिपलेली त्यांची पूर्ण चाळीस सेकंदे सापडली आहेत आणि तक्रार सहाव्या दिवशी गेली. पोच आली आहे.